आणखी एक शिफारसपत्र जोडण्याआधी

दसरा तोंडावर आला की आमच्या धर्मापुरीत आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर दोन प्रकारची तयारी दिसू लागते. ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड बांधायला लागतात, आणि त्याच घरांतली शिकणारी मुलंमुली पुढच्या वर्षीच्या अर्जांचे कागद जुळवायला लागतात. पूर्वी कागद म्हणजे गुणपत्रक, टीसी आणि जातीचा दाखला. आता परळी-अंबाजोगाई भागातली मुलं उन्हाळी संशोधनाच्या फेलोशिपला अर्ज करतात, परदेशी विद्यापीठांना करतात, समाजकल्याणच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात कधी येते याच्यावर डोळा ठेवून असतात. त्यामुळे शिफारसपत्र हा नवाच कागद घरोघरी चर्चेला आला आहे. मुलं त्याला सरळ ‘लेटर’ म्हणतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर संध्याकाळी घरी हेच काम चालतं: अर्ज, निबंध, लेटर. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. “सर, त्यांनी दोन मागितलेत, पण अजून एक-दोन लावले तर वजन पडेल ना?”

याला एका शब्दात उत्तर नाही. काही मुलांना ते जादा पत्र खरोखर उपयोगी पडलेलं मी पाहिलं आहे आणि बहुतेकांचं वाया गेलेलंही पाहिलं आहे. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो.

१. पत्र घेणारा कुणी आहे का, ते आधी बघा

अभियांत्रिकी, फार्मसी, कृषीला जायचं तर एमएचटी-सीईटी, डॉक्टर व्हायचं तर नीट, आयआयटीला जेईई. या प्रवेशांत गुण, प्रवर्ग आणि कागदपत्रं यांपलीकडे काही पाहिलं जात नाही. कॅप फेरीत शिफारसपत्र जोडायला जागाच नाही. तरीही एका वडिलांनी मुलाच्या प्रवेशासाठी पुढाऱ्याचं पत्र मिळवायला बीडपासून मुंबईपर्यंत चकरा मारल्या, आणि त्या गडबडीत नॉन-क्रिमीलेयरचा अर्ज करायचा राहून गेला. पत्र हातात, पण ते कुणाला द्यायचं हेच ठाऊक नाही. अशा प्रवेशांत सगळा जोर जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल यांच्यावर लावावा. आणि शिफारसीच्या नावाखाली पैसे मागणारा एजंट दारात आला तर त्याला पाणीसुद्धा विचारू नये.

२. मागितली तितकीच

शिफारसपत्राला खरी किंमत आहे ती दुसऱ्या प्रकारच्या अर्जांत, आणि तिथेही प्रत्येकाचं गणित वेगळं. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून चालवतात त्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं एक पत्र लागतं. इंग्लंडमध्ये पदवीसाठी यूकॅसवर अर्ज केला की एकच संदर्भपत्र. चेव्हनिंग शिष्यवृत्तीला, मुलाखतीपर्यंत पोचलात तर, दोन. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपला तीन. अमेरिकेतली एमआयटी दोन शिक्षकांची पत्रं मागते, त्यातलं एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा, इतिहास अशा विषयाच्या शिक्षकाचं. (आमची मुलं इथे हमखास अडखळतात. मराठीच्या बाईंचं पत्र चालतं हे त्यांना खरंच वाटत नाही.) उलट कॅलिफोर्निया विद्यापीठ पदवीच्या अर्जासोबत शिफारसपत्रं पाठवू नका, असं स्वच्छ सांगतं. अनेक अमेरिकी कॉलेजं ज्या कॉमन ॲपवरून अर्ज घेतात, तिथे प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे किमान किती पत्रं आणि कमाल किती हे दिलेलं असतं.

म्हणजे ‘जादा पत्र लावू का’ याचं अर्धं उत्तर त्या कॉलेजच्या सूचनांतच असतं. कमाल आकडा दोन असेल तर तिसरं पत्र ईमेलने, पोस्टाने, ओळखीच्याच्या हातून, कसंही पाठवू नये. अर्ज वाचणाऱ्यापुढे दिवसभरात शेकडो मुलांचे कागद येतात. सूचना न वाचणारा अर्जदार त्याला लगेच कळतो.

३. मोठ्या माणसाचं पत्र

“सदर विद्यार्थी माझ्या चांगल्या परिचयाचा असून तो होतकरू, अभ्यासू व सुस्वभावी आहे. त्याची वर्तणूक चांगली आहे. त्यास सहकार्य करावे, ही विनंती.” खाली भरघोस सही, वर रंगीत लेटरहेड.

हा मजकूर आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. आमदार, जिल्हा परिषद सदस्य, कारखान्याचे संचालक, सरपंच, कुणाचंही पत्र घ्या, मजकूर हाच. पालक ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घडी मोडू नये म्हणून छातीशी धरून आणतात, आणि ते नको म्हणायचं माझ्या जिवावर येतं. कारण त्यांचा विश्वास भाबडा नाही, अनुभवातून आलेला आहे. आपल्या भागात दवाखान्यात खाट मिळायला, बँकेत कर्जाची फाईल हलायला, वसतिगृहात जागा व्हायला कुणाचा तरी फोन, कुणाची तरी चिठ्ठी लागते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. पोराच्या शिक्षणासाठीच तेवढी चिठ्ठी लागणार नाही, हे त्यांनी कशावरून मानावं?

म्हणून मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगतो. पत्रातलं मुलाचं नाव अंगठ्याने झाका आणि पुन्हा वाचा. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलाचं नाव तिथे बसतंय का? बसत असेल, तर बोस्टनमध्ये किंवा बंगळुरूत बसलेल्या माणसाला या पत्रातून तुमच्या मुलाबद्दल काय कळणार? पुढाऱ्याला तो ओळखत नाही, त्याच्या पदाचा धाक त्याला नाही, आणि मुलाबद्दल तर एक अक्षर नवं नाही. हे एवढं सांगितलं की बहुतेक पालक पत्राची घडी करून परत पिशवीत ठेवतात. त्यांना मी म्हणतो, दादा, हे पत्र फाडू नका, ज्या कामाला ते चालतं त्या कामाला वापरा.

४. ज्याने पाहिलं, त्याने लिहावं

माझं या विषयातलं सगळं म्हणणं या एका कलमात आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या काळात आईबाप कारखान्यावर गेल्यावर मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. अशाच एका वसतिगृहात वाढलेली एक मुलगी पुढे अर्ज करायला माझ्याकडे आली. गुण चांगले, विज्ञानाच्या सरांचं पत्र चांगलं, इंग्रजीच्या मॅडमचं चांगलं. आणि जादा पत्रासाठी तिच्या मनात होते अंबाजोगाईचे एक नामवंत डॉक्टर, ज्यांनी एकदा तिचा सत्कार केला होता.

बोलता बोलता मी विचारलं, “वसतिगृहात दिवसभर काय करायचीस?” ती म्हणाली, “काही नाही सर, लहान लेकरांची वही सांभाळायची.” कसली वही? तर एक शंभर पानी वही, प्रत्येक लेकराला एक पान. आईबाप कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कारखान्यावर, कुठल्या मुकादमाच्या टोळीत, टोळीत फोन कुणाकडे, फडावरून कोप्यांवर किती वाजता येतात, रेंज कधी मिळते. दर रविवारी ही मुलगी वसतिगृहाच्या फोनवरून एकेका लेकराचं त्याच्या आईशी बोलणं करून द्यायची. टोळी दुसऱ्या गावाच्या फडावर हलली की वहीत पान दुरुस्त करायची. नववीतली मुलगी! कुणी सांगितलं नव्हतं. रात्री लेकरं रडायची, तेव्हा तिला हे सुचलं.

हे ना तिच्या निबंधात होतं, ना सरांच्या पत्रात. शाळेत कुणाला ठाऊकच नव्हतं. पाहिलं होतं ते वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी. मी म्हटलं, जादा पत्र द्यायचंच असेल तर त्यांचं दे. मुलगी गप्प झाली. मावशींचं पत्र? त्या सहावी शिकलेल्या. त्यांच्याकडे लेटरहेड कुठून असणार?

मावशींनी सांगितलं, मी जसंच्या तसं मराठीत उतरवलं, त्यांनी सही केली, मुख्याध्यापकांनी ‘ही व्यक्ती या काळात या वसतिगृहात कामाला होती’ एवढं खाली लिहून शिक्का मारला, आणि इंग्रजी भाषांतर सोबत जोडलं. त्या कॉलेजला एक जादा पत्र चालत होतं आणि भाषांतर चालेल का, हे आम्ही ईमेल करून विचारून घेतलं होतं. मावशींच्या पत्रात ‘होतकरू’ नव्हतं, ‘नेतृत्वगुण’ नव्हतं. होतं ते एवढंच, की वही कशी होती, एका लेकराची आई आठ दिवस फोनवर सापडली नाही तेव्हा या पोरीने मुकादमाच्या घरच्यांना कसं गाठलं, आणि ती स्वतः आपल्या आईशी मात्र सगळ्यांत शेवटी बोलायची. त्या पत्रामुळेच तिला प्रवेश मिळाला, असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच छातीठोक सांगता येत नसतं. पण मुलाखतीत पहिला प्रश्न त्या वहीचा होता.

हे काही आजचं शहाणपण नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा इतिहास या अंगाने वाचावा. मुंबईला चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी रोज पाहिला. विचारपूस केली, पुस्तकं दिली, १९०७ मध्ये मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे पैशावाचून शिक्षण अडलं तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला तो याच केळुसकरांनी. महाराजांनी मुलाला स्वतः प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झालं आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकर काही संस्थानिक नव्हते की न्यायमूर्ती नव्हते. त्यांनी त्या मुलाला वाचताना पाहिलं होतं, हाच त्यांच्या शिफारशीचा आधार. दार त्यांनी उघडलं, आत जाऊन उत्तरं मुलानेच दिली.

कोलंबियातही तेच. प्रा. एडविन सेलिग्मन यांनी बाबासाहेबांना वर्गात आणि संशोधनात जवळून पाहिलेलं. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे निघाले, तेव्हा सेलिग्मननी तिथल्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं. एका अर्थशास्त्रज्ञाने दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाला लिहिलेलं, आपल्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्याबद्दलचं पत्र. अशा एका पत्रापुढे दहा सत्कारमूर्तींची पत्रं फिकी पडतात.

५. ओळख किती वर्षांची, यापेक्षा काय पाहिलं ते मोठं

गावातल्या केदारेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची सुरसुंदरींची शिल्पं पाहायला अभ्यासक येत असतात. आमच्या एका विद्यार्थ्याने असंच आलेल्या एका संशोधकांना दोन दिवस मापं घ्यायला मदत केली. टेप धरायला म्हणून गेलेला हा मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतःच कागदावर खांबांचा आराखडा काढून घेऊन गेला, आणि त्यात संशोधकांच्या नोंदीतली एक चूक त्याला सापडली. त्यांनी आनंदाने पत्र दिलं. ओळख जेमतेम दोन दिवसांची, पण पत्र भरलेलं. त्याच मुलाला बालवाडीपासून ओळखणाऱ्या शेजाऱ्यांचं पत्रही आलं होतं. ते आम्ही जोडलं नाही.

६. क्लासचे संचालक, पुण्याचे मामा

लातूरच्या मोठ्या क्लासमध्ये मुलगा एका तुकडीत शेकडोंमध्ये बसतो. संचालकांना त्याचा चाचणीतला क्रमांक ठाऊक असतो आणि तो गुणपत्रकावरून कळतोच. जादा पत्राने त्यात भर पडत नाही. क्लासमधल्या एखाद्या सरांनी रोज शंका सोडवल्या असतील, तर त्यांचं घ्यावं. मामा, काका, मेव्हणे कितीही मोठ्या हुद्द्यावर असोत, नात्यातलं पत्र कधीच नको.

७. “तूच लिहून आण, मी सही करतो”

हे वाक्य ऐकलं नाही असा विद्यार्थी मराठवाड्यात सापडणं अवघड. यात शिक्षकांचा आळस असतोच असं नाही. वर्ग मोठे, वर निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी. इंग्रजीत लिहायचा संकोच वेगळाच. पण मुलाने स्वतःचं पत्र स्वतः लिहिलं की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. तीन शिक्षकांच्या नावाची तीन पत्रं आणि तिन्हींत एकच शब्द, एकच वळण, एकाच ठिकाणी चुकलेलं एकच व्याकरण. त्यात चौथं जादा पत्र घातलं की संशय पक्का. आता तर मोबाईलवर एका मिनिटात गुळगुळीत इंग्रजी पत्र तयार मिळतं, त्यामुळे वाचणारे अधिकच सावध झाले आहेत.

शिवाय हे खोटं आहे. मुलाच्या पहिल्याच मोठ्या अर्जात त्याच्याकडून खोटं करवून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

यावर उपाय आहे आणि तो शिक्षकांना आवडतो. मुलाने पत्र लिहायचं नाही, टिपण द्यायचं. एकच पान, मराठीत. कुठे अर्ज करतोय, शेवटची तारीख काय, सरांच्या तासाला मी काय केलं होतं ज्याची सरांना आठवण असेल, कुठला प्रयोग, कुठलं भाषण, कुठे कमी पडलो आणि मग काय केलं. रसायनशास्त्राच्या एका सरांनी असं टिपण वाचून मला फोन केला होता: “अहो, हे पोरगं प्रयोगशाळेतल्या फुटलेल्या नळ्या सुतळीने बांधून वापरायचं, मी विसरूनच गेलो होतो.” मग त्यांनी जे पत्र लिहिलं ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिताच आलं नसतं.

८. तासिका तत्त्वावरचे सर

याचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. आपल्या महाविद्यालयांत मुलांना सगळ्यात जास्त वेळ देणारे, शनिवारी थांबून शिकवणारे शिक्षक बऱ्याचदा तासिका तत्त्वावर असतात. पुढच्या वर्षी ते तिथे असतीलच असं नाही. मुलांना वाटतं, यांचं पत्र चालणार नाही, विभागप्रमुखांचंच हवं. मग विभागप्रमुख, ज्यांनी त्या मुलाला धड ओळखलेलंही नसतं, ते चार ओळी लिहून देतात.

पत्र द्यायला कायम नोकरी लागते, असं कुठल्याही चांगल्या विद्यापीठाने म्हटलेलं नाही. आपण कोण, या विद्यार्थ्याला कुठला विषय, कुठल्या वर्षी, किती काळ शिकवला, हे पहिल्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं की पुरे. प्राचार्यांनी ओळख पटवणारी एक ओळ लिहिली तर उत्तम. आणि कॉलेजचा ईमेल पत्ता मिळाला तर त्यावरूनच पाठवावं, कारण खाजगी जीमेलवरून आलेल्या पत्राची काही ठिकाणी जास्त चौकशी होते. मात्र शिक्षकांचा ईमेल नाही म्हणून सेवा केंद्रावर बसून त्यांच्या नावाने नवं खातं उघडायचं आणि पत्र आपणच चढवायचं, हा प्रकार काही मुलं निरागसपणे करतात. तो थेट बनावटपणा ठरतो आणि पूर्ण अर्ज बाद होऊ शकतो.

९. दिवाळीची सुट्टी

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि इंग्लंडमधल्या वैद्यकीय प्रवेशाची तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर. अमेरिकेतल्या कॉलेजांची लवकरची फेरी साधारण १ नोव्हेंबरला, नेहमीची जानेवारीच्या सुरुवातीला. नेमकी याच सुमाराला आपल्याकडे सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. सर गावी, कारकून गावी, शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली हेडसरांकडे. आईवडिलांची सही लागली तर ते कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्यावर. म्हणून पोळा झाला की शिक्षकांना विचारावं, गणपतीत टिपण द्यावं आणि नवरात्र बसेपर्यंत पत्र पोचलेलं असावं. जादा पत्राच्या मागे लागून मूळ दोन पत्रं अडकली, असं होऊ देऊ नये.

१०. पत्र वाचायला मागू नका

अमेरिकेच्या १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे, आणि शिफारसपत्रांपुरता हा हक्क सोडता का, असं कॉमन ॲप विचारतं. मुलं घाबरून ‘नाही’ म्हणतात. सोडावा. विद्यार्थ्याच्या नजरेखालून न गेलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास जास्त बसतो आणि लिहिणाराही मोकळेपणाने लिहितो. ज्या शिक्षकांवर एवढा भरवसा नाही, त्यांच्याकडे पत्र मागूच नये.

११. जादा पत्र कधी लावावंच

मुलाच्या कागदांत एखादी जागा अशी असते, जी बाहेरच्या माणसाला समजणार नाही. सातवीत हजेरी अर्धीच का? कारण ते वर्ष तो आईबापांबरोबर फडावर होता, गाडीमागे वाढे बांधत होता. अकरावीत गुण का घसरले? कारण वडील गेले आणि घरची उचल फेडायची राहिली होती. हे मुलाने स्वतः लिहिलं की त्याला रडगाणं वाटतं, म्हणून तो लिहीत नाही. ज्याने हे पाहिलं त्याने दोन परिच्छेदांत कोरड्या शब्दांत सांगावं. यूकॅसने तर २०२४ च्या प्रवेशापासून संदर्भपत्राचे तीन भाग केले आहेत: शाळेची माहिती, विद्यार्थ्याच्या अडचणी आणि विद्यार्थ्याबद्दल सांगण्यासारखं बाकीचं. म्हणजे अडचणी सांगायला तिथे हक्काची जागा आहे. ती रिकामी सोडू नये.

आणि जे स्वतःच सांगायला हवं ते दुसऱ्याच्या पत्रावर ढकलू नये. आनंदीबाई जोशींनी जून १८८३ मध्ये अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. आपलं शिक्षण कुठवर झालं, कुठल्या भाषा येतात, आपण का आलो, आणि प्रवेशाच्या काही अटींत आपण कमी पडू हेसुद्धा. त्यांना ओळखणारी, सांभाळणारी माणसं तिथे होती. पण आपली बाजू त्यांनी स्वतः मांडली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१२. शाळेचं पान

सगळ्यात शेवटी जे सांगतोय त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. परदेशी कॉलेजं शिक्षकांच्या पत्रांबरोबर शाळेकडूनही माहिती मागतात, त्यात शाळेची ओळख करून देणारं एक पान असतं. शहरातल्या इंग्रजी शाळांत यासाठी समुपदेशक नेमलेले असतात आणि त्यांचं ते पान छापील, रंगीत, तयार असतं. आपल्याकडे ही जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते आणि त्यांना ती ठाऊकही नसते. पान रिकामं गेलं की वाचणारा आपल्या मुलाला त्या शहरी शाळेच्या मापाने मोजतो.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या पत्रासाठी धावण्यापेक्षा मुख्याध्यापकांसोबत तासभर बसून हे पान करावं. शाळा कुठे आहे, परळी किती लांब, अंबाजोगाई किती लांब. माध्यम मराठी. परीक्षा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाची. बारावीत पंच्याहत्तर टक्के किंवा त्याहून जास्त असले की विशेष प्रावीण्य धरतात, हे लिहावं, कारण तिथल्या माणसाला ऐंशी टक्के म्हणजे काय ते कळत नाही. शाळेत कुठले विषय आहेत आणि कुठले नाहीत: संगणक आहे का, प्रयोगशाळा कशी आहे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं. किती मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात, हा आकडा हजेरीपटावरून काढून लिहावा, अंदाजाने नको. आदल्या काही वर्षांत इथून बारावी झालेली मुलं कुठे गेली, तेही लिहावं.

हे पान एकदा झालं की दरवर्षी थोडं बदलून प्रत्येक मुलाला वापरता येतं. आमच्या भागातल्या एका शाळेचं पान मी मुख्याध्यापकांसोबत बसून केलं, तेव्हा ऊसतोडीचा आकडा लिहिताना त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कारकुनाला हाक मारली: “पाचवीपासूनचे सगळे हजेरीपट आणा, एकदा नीट मोजूनच घेऊ.”